खडखड बेअरिंगची की इंपेलरची?

विहिरीवरचा पंप खडखडायला लागला की आपण बेअरिंग बदलतो. चार महिन्यांनी पुन्हा तेच. पंपाच्या पोटातला इंपेलर, ज्याला आपण पंखा म्हणतो, तो काढून बघायचं मात्र कुणाच्या मनात येत नाही.

आपले मोनोब्लॉक पंप मिनिटाला साधारण २८८० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ४८. इंपेलरचे ओतकाम एका बाजूला जाड झाले असेल, तर शाफ्टला सेकंदाला ४८ हिसके बसतात. बेअरिंग किती दिवस टिकणार? चांगल्या इंपेलरच्या पाठीवर थोडा धातू घासून काढल्याची खूण दिसते. पुष्कळजण तिला खोट समजून माल परत करतात! ती तोल साधल्याची खूण असते. स्वस्तातला नकली पंखा बसतो अगदी बरोबर, पण त्याचा तोल कोणी पाहिलेला नसतो. तपासायचा असेल तर त्यात घट्ट बसणारी सरळ दांडी घाला, ती एका पातळीतल्या दोन गुळगुळीत पट्ट्यांवर ठेवा. दर वेळी तीच बाजू खाली येऊन थांबली, तर तो पंखा घेऊ नका. मापही जुन्याशी ताडून घ्या. व्यास मोठा झाला की पात्यांची टोकं केसिंगच्या जिभेला फार जवळ जातात आणि प्रत्येक पात्यागणिक पाण्याचा ठोका बसतो. सहा पाती असली तर सेकंदाला २८८ ठोके, म्हणून तो घूं-घूं आवाज.

उन्हाळ्यात पाणी खाली गेल्यावर खडी पडल्यासारखा आवाज येतो, तो वेगळा. इंपेलरच्या तोंडाशी दाब उतरून बुडबुडे होतात, आत जाऊन फुटतात आणि पाती कीड लागल्यासारखी खातात. तिथे पंखा बदलून उपयोग नाही. पंप खाली घ्या, सक्शन सहा मीटरच्या आत आणा.

माझा खरा आक्षेप ग्रामपंचायतींच्या खरेदीवर आहे. दरपत्रकात नुसते ‘पाच एचपी’ लिहायचे आणि सर्वांत कमी दरवाला घ्यायचा. पात्यांचा बाक ठरावीक हेड आणि ठरावीक पाण्यासाठी केलेला असतो. ४० मीटर हेडचा पंप १५ मीटरवर चालवला तर पाणी जादा ओढले जाते, पात्यांवर तिरके आदळते, अँपिअर चढतात, पंप थरथरतो. मग दोष वायंडिंगवाल्याला!

पदाधिकाऱ्यांनी दरपत्रकात हेड आणि लिटरमध्ये पाणी मागावे. बिल काढण्याआधी पंप जागेवर अर्धा तास चालवून, केसिंगवर हात ठेवून बघावा.