पेढीची नवी किल्ली

पूर्वी पेढीची सुरक्षितता तिजोरीच्या किल्लीवर आणि मुनीमजींच्या सचोटीवर अवलंबून असे. रोजमेळ व खतावणी कपाटात गेली, कुलूप ओढून पाहिले, की मालक निर्धास्तपणे घरी परतत. आज ती खाती संगणकात आणि ती तिजोरी मोबाइलमध्ये आली आहे. ही तिजोरी फोडायला पहार लागत नाही. बहुतेक वेळा मालकाकडूनच ती उघडवून घेतली जाते. म्हणून या व्यवहारातील काही शब्दांचा नेमका अर्थ घरातील प्रत्येकास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

पहिला शब्द 'फिशिंग'. याचा आशय गळ टाकणे असाच आहे. 'केवायसी अपुरी आहे, आज खाते बंद होईल', 'वीजबिल थकले आहे', 'जीएसटीचा परतावा मंजूर झाला आहे' असा संदेश येतो आणि सोबत एक दुवा असतो. तो उघडला की बँकेच्या संकेतस्थळासारखेच पान दिसते. तेथे भरलेली माहिती मात्र थेट चोराच्या हाती जाते. भीती, घाई किंवा लोभ, यांपैकी एक आमिष या गळाला हमखास लावलेले असते.

दुसरी जोडी 'ओटीपी' आणि 'यूपीआय पिन' यांची. ओटीपी म्हणजे एकाच व्यवहारापुरता दिलेला परवलीचा शब्द. पिन ही खातेदाराची स्वाक्षरी. स्वाक्षरी पैसे देताना करावी लागते, घेताना नाही. 'मालाची आगाऊ रक्कम पाठवतो, क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका' असे एखादा नवा गिऱ्हाईक सांगू लागला, तर तो पैसे देत नसून नेत आहे, हे तत्काळ ओळखावे. तसेच रक्कम जमा झाल्याचे त्याने दाखविलेले छायाचित्र ही पावती नव्हे. आपल्या खात्यातील नोंद पाहूनच माल सोडावा.

तिसरा शब्द 'एपीके'. अँड्रॉइड मोबाइलमध्ये अ‍ॅप बसविण्याच्या फाइलचे हे नाव. लग्नपत्रिका किंवा दंडाची नोटीस म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फाइलच्या नावाअखेर 'एपीके' असेल, तर ती पत्रिका नव्हे. ती बसविल्यास मोबाइलवर येणारे ओटीपीही परस्पर वाचले जाऊ शकतात.

चौथा शब्द 'रॅन्समवेअर', म्हणजे खंडणीखोर प्रणाली. ती संगणकातील सर्व फाइलींना कुलूप घालते आणि किल्लीसाठी पैसे मागते. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या अशाच प्रणालीने सुमारे दीडशे देशांतील संगणक ग्रासले. मायक्रोसॉफ्टने त्यावरील दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध केली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती, ते सापडले. 'अपडेट' या शब्दाचे महत्त्व यात आहे. दुसरा उपाय 'बॅकअप', म्हणजे हिशेबाची दुसरी प्रत. ती वेगळ्या हार्डडिस्कवर घ्यावी आणि काम झाल्यावर ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. जोडलेली राहिली तर तिलाही कुलूप लागते.

इतके करूनही फसवणूक घडली, तर सर्वांत मोठा शत्रू ठरतो संकोच. 'दुकानात काय म्हणतील, मुले काय म्हणतील' या विचाराने घरातील वडीलधारी व्यक्ती दोन दिवस गप्प राहते आणि तेवढ्यात पैसे अनेक खात्यांतून फिरून काढले जातात. वास्तविक १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळविल्यास ती रक्कम वाटेतच गोठविण्याची शक्यता असते. त्याच वेळी बँकेलाही कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी ठरविताना त्याने किती लवकर कळविले, याला मोठे महत्त्व दिले आहे.

यासाठी घरातील तरुणांनीही एक पथ्य पाळावे. वडिलांनी किंवा काकूंनी चूक सांगितली, तर आधी १९३० हा क्रमांक फिरवावा. बोल लावू नये. पेढीत तोटा पूर्वीही होत असे, पण तो त्याच संध्याकाळी रोजमेळात नोंदला जाई. ती जुनी शिस्त या नव्या तिजोरीलाही तितकीच लागू आहे.