गुलाब आणि घरचें मांजर

भिंगारला बागांचा शेजार जुना आहे. निजामशाहींत, १५८३ सालीं पुरा झालेला फराहबाग तेथून जवळच. पाऊस बेताचा, तरी नळाच्या पाण्यावर परसांत चार गुलाब फुलविण्याची हौस कांहीं घरांनीं आजही राखली आहे.

गेल्या महिन्यांत अशाच एका स्नेह्यांकडे आम्ही गेलों, तों तेथें गुलाबांवर खटलाच चालू होता! सकाळीं मनीनें गळलेल्या दोन पाकळ्या चघळल्या आणि तासाभरांत तिच्या तोंडाला फेंस येऊन ती ओकूं लागली. सूनबाईंचें म्हणणें, झाडें आजच्या आज उपटावीं. पूजेसाठीं रोज पांच फुलें खुडणाऱ्या आजीबाईंना तें रुचेना. मुलें तर मनीजवळ रडतच बसलीं होतीं.

वाचकांस निकाल आधींच सांगतों. गुलाब मांजरास विषारी नाहीं. पाकळ्या व पानें पुष्कळ खाल्लीं तर पोट बिघडेल, इतकेंच. कांटा पंजांत मोडला किंवा डोळ्यास लागला तर मात्र जखम चिघळते. यास्तव जमिनीलगतच्या फांद्या छाटाव्या.

मग मनीस झालें काय? आम्ही आळें पाहिलें, तों ओल्या मातीवर कीटकनाशकाचे दाणे पसरलेले! मावा पडला म्हणून आदल्या सायंकाळीं ते टाकले होते. मनी त्यांतून फिरली आणि जातीच्या संवयीप्रमाणें पंजे चाटीत बसली. मांजर अंगाला लागलेलें सर्व जिभेनेंच स्वच्छ करतें, आणि कित्येक द्रव्यें निकामी करण्याची शक्ति त्याच्या यकृतांत आपल्याइतकी नसते. म्हणूनच कुत्र्याच्या पिसवांवरील पर्मेथ्रिन किंवा आपल्या तापावरील पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धां त्याचा प्राण घेऊं शकते. गोगलगायींसाठीं टाकावयाचें मेटाल्डिहाइडही तसेंच घातक. एरंडीच्या बियांत रायसिन हें विष असतें. तेव्हां एरंडीची पेंड उघडी ठेवूं नये.

आजीबाई मनीस मिठाचें पाणी पाजावयास निघाल्या होत्या. आम्हीं त्यांस थांबविलें, कारण तें मीठच अपाय करतें. पंजे पाण्यानें धुतले, औषधाची पुडी बरोबर घेतली आणि मनीस तडक पशुवैद्यांकडे नेलें. पुडीवरील नांव वाचून त्यांनीं लागलीच उपचार चालविले. मनी वांचली.

मावा घालविण्यास पाण्याची जोराची धार व साबणाचें पातळ पाणी बहुधा पुरतें. खतास चांगलें कुजलेलें शेणखत उत्तम. औषध मारणें भागच पडलें, तर तें पुरतें वाळेपर्यंत मांजर घरांत कोंडावें. दाणेदार औषध मात्र मांजराच्या घरीं वापरूंच नये. मांजरास हिरवें चावण्याची ओढ असते. नवरात्रांत घटाखालीं धान्य पेरतों, तसे एका कुंडींत त्याच्यासाठीं गहू पेरावे.

हें सर्व आम्ही दिवाणखान्यांत बोलत होतों आणि समोरच, वाढदिवसास आलेल्या पुष्पगुच्छांत, गुलाबांच्या मधोमध लिलीचीं मोठालीं फुलें होतीं. ज्यास भ्यावें तें हें! या लिलीचें पान, पाकळी, पराग, फार काय फुलदाणींतलें पाणीदेखील मांजराचीं मूत्रपिंडें एकदोन दिवसांत निकामी करतें. पराग अंगावर सांडून चाटला गेला तरी पुरे. लक्षणांची वाट न पाहतां त्याच दिवशीं उपचार झाले तरच आशा. परसांतली पावसाळी लिली निराळी, परंतु तिचा कंदही मांजरास बाधतो. कण्हेरही विषारीच.

सूनबाईंनीं लिली तेवढी काढून, कागदांत गुंडाळून केराच्या डब्यांत टाकली आणि डबा झांकला. गुलाब फुलदाणींतही राहिले आणि परसांतही. दुसऱ्या दिवशीं मुलांनीं कुंडींत गहू पेरल्याचें पत्र आम्हांस आलें आहे.