शुश्रूषेचे ओझे एकट्या स्त्रीनेच का वाहावे?

१ एप्रिल २००४ रोजी केंद्र सरकारने एचआयव्हीबाधितांसाठी मोफत एआरटी उपचार सुरू केले. मुंबईचे जे. जे. रुग्णालय हे पहिल्या केंद्रांपैकी एक होते. या औषधांनी असंख्य जीव वाचविले. परंतु औषध मोफत झाले, तरी शुश्रूषेची किंमत घरातील स्त्रीच मोजत राहिली.

आजारी पतीला वेळेवर गोळ्या देणे, त्याचे अंथरूण-कपडे धुणे, क्षयरोग जडल्यास दुहेरी उपचार सांभाळणे आणि केंद्रावर जाण्यासाठी दिवसाची मजुरी बुडविणे, हे सारे तिच्याच वाट्याला येते. पुष्कळदा ती स्वतःही बाधित असते. देशातील सुमारे २५ लाख बाधितांमध्ये स्त्रियांचे प्रमाण ४४ टक्क्यांच्या आसपास आहे.

पतीच्या निधनानंतर तिची खरी परीक्षा सुरू होते. महाराष्ट्रासह सहा राज्यांत झालेल्या व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे ७९ टक्के बाधित विधवांना पतीच्या मालमत्तेत वाटा नाकारला गेल्याचे आढळले. जिने अखेरपर्यंत सेवा केली, तिलाच घराबाहेर काढले जाते, ही आपल्या समाजाला लाजिरवाणी गोष्ट आहे.

एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. बाधित व्यक्तीला, तसेच तिच्यासोबत राहणाऱ्यांनाही, सामाईक घरात राहण्याचा हक्क त्याने दिला आहे. परंतु मोलमजुरी करणारी विधवा वकील कोठून आणणार? संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एचआयव्हीबाधितांचा समावेश आहे. २०२३ मध्ये तिचे मासिक अनुदान १५०० रुपये करण्यात आले. मात्र त्यासाठी दाखले गोळा करताना आजार चारचौघांत उघड होण्याची धास्ती तिला असते.

म्हणून आम्हांस वाटते की, प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांना सर्वत्र तीन महिन्यांची औषधे एकदम द्यावीत. अनुदानाचा अर्ज गोपनीयता राखून एआरटी केंद्रातच स्वीकारावा. विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील तेथे ठराविक दिवशी उपलब्ध असावा. घरी शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीला बुडालेल्या मजुरीचा मोबदला मिळावा.

अर्थात, सर्व काही सरकारवर सोपवून चालणार नाही. रुग्णाच्या उशाशी भाऊ, दीर आणि मुलगा यांनीही बसावयास हवे. स्त्रीच्या सेवाभावाचे आपण नेहमीच कौतुक करतो. आता तिचा भार वाटून घेण्याची वेळ आली आहे.