बंदूक जड नव्हती, पुढून जड होती



गेलं वर्षभर आमच्या मानसरोवरच्या घरात ‘क्ले’, ‘स्कीट’, ‘हाय हाउस’ असे शब्द चहाच्या कपाबरोबर फिरत असतात. कारण माझी भाची. मिरजेहून शिकायला आमच्याकडे आली आणि जगतपुऱ्याच्या शूटिंग रेंजवर रमली. तिच्या वडिलांनी पीएफमधून पैसे काढून तिला जुनी, पण चांगली बारा बोअरची बंदूक घेऊन दिली. एकावर एक दोन नळ्यांची. वजन साधारण ३.६ किलो.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्कीटमध्ये दोन बाजूंच्या दोन घरांतून ११ सेंटिमीटर व्यासाच्या चकत्या हवेत सुटतात. त्यांना ‘क्ले’ म्हणतात, पण त्या मातीच्या नसतात. डांबरासारखा पदार्थ आणि चुनखडीची पूड यांच्या असतात. खेळाडूने बंदूक कमरेपाशी धरून उभं राहायचं, चकती दिसली की बंदूक खांद्याला लावायची आणि उडत्या चकतीच्या थोडं पुढे छर्रे सोडायचे. एका फेरीत अशा २५ चकत्या.

राजस्थानला या खेळाचं मोठं वेड. बिकानेरचे महाराजा करणी सिंह यांनी क्ले शूटिंगमध्ये पाच ऑलिंपिक गाठली. राज्यवर्धन सिंह राठोड यांनी २००४ मध्ये अथेन्सला डबल ट्रॅपचं रौप्यपदक आणलं. पॅरिसला २०२४ मध्ये जयपूरचा अनंतजीत सिंह नरुका आणि जालोरची महेश्वरी चौहान यांचं मिश्र स्कीटमधलं कांस्यपदक ४३-४४ असं हुकलं. एका चकतीने! तेव्हा एका चकतीची किंमत काय असते, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे.

भाचीची अडचण वेगळीच होती. पहिल्या फेरीत १९, दुसरीत १७, तिसरीत १४. दर वेळी हाच उतार. डावा हात भरून यायचा आणि छर्रे चकतीच्या मागून जायचे. फोनवर तिचे बाबा म्हणाले, “ही विकून टाकू. हलकी घेऊ. कर्ज काढतो.” ती माझ्याकडे येऊन रडली. “मामा, बाबांना अजून किती खर्चात पाडू? मी सोडूनच देते हे.”

मग तिच्या कोचनी आम्हाला शहरातल्या एका जुन्या बंदूक-कारागिराकडे पाठवलं. त्यांनी बंदूक उघडून ती रिकामी असल्याचं स्वतः पाहिलं, आम्हालाही दाखवलं. मग बंद करून एका बोटावर आडवी तोलली. थोडी मागे, थोडी पुढे. आणि म्हणाले, “बिटिया, बंदूक भारी नहीं है। आगे से भारी है।”

बंदूक जिथे मोडून उघडते, त्या बिजागरीपासून तोल तब्बल ४ सेंटिमीटर पुढे होता. अशा बऱ्याच बंदुकांचा तोल बिजागरीच्या आसपास असतो.

आता यात फरक काय पडतो? घरातलंच उदाहरण घ्या. पाण्याने भरलेली कळशी कमरेवर घेतली तर अंगणापर्यंत सहज नेता येते. तीच कळशी हात लांब करून धरा, दहा पावलांत खांदा बोलायला लागतो. पाणी तेवढंच, वजन तेवढंच; फक्त अंगापासून लांब गेलं. बॅट घेताना मुलं दुकानात ती नुसती उचलून ‘पिकअप’ बघतात ना, तेही हेच.

उपाय ऐकून मी चक्रावलो. पुढून जड असलेल्या बंदुकीला मागे वजन लावायचं! एकूण वजन वाढणार, तरी ती हातात हलकी वाटणार. हिशेब सोपा आहे. तोलाच्या जागेपासून साधारण ४० सेंटिमीटर मागे, म्हणजे दस्त्याच्या टोकाजवळ, १०० ग्रॅम ठेवले की तोल अंदाजे १ सेंटिमीटर मागे सरकतो. दस्त्याच्या मागचं रबरी पॅड काढलं की आत बोल्टसाठी पोकळी असते. वजन तिथे बसतं.

पण कारागिरांनी आधी दस्त्याची लांबी बघितली. तो तिला थोडा लांब होत होता, खांद्याला लावताना जॅकेटला अडकायचा. “पहले नाप, फिर वज़न,” ते म्हणाले. पातळ पॅड बसवलं. माप चुकलेलं असेल तर वजनाने ते झाकलं जात नाही.

मग आमचे प्रयोग. न्यू सांगानेर रोडवरच्या टायरवाल्याकडून चाक बॅलन्स करायच्या चिकट पट्ट्या आणल्या, ५ आणि १० ग्रॅमच्या. आधी त्या दस्त्यावर बाहेरूनच टेपने लावून पाहायच्या, असं ठरलं. पण मामाला धीर कुठला! मी एकदम २०० ग्रॅम लावायला सांगितले. हातात बंदूक फुलासारखी वाटली. रेंजवर मात्र पहिल्याच फेरीत १५. पुढचं वजन फारच कमी जाणवल्यामुळे नळी चकतीच्या पुढे धावत सुटायची, मध्येच थांबायची. कोचनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप बाकावर जाऊन बसलो.

तेव्हा कळलं, पुढचं वजन हा शत्रू नाही. एकदा फिरायला लागलेली नळी एकसारखी फिरत ठेवायला तेच मदत करतं. आपला कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे ज्या प्रकारात पॅरिसला कांस्य जिंकला, त्या रायफलमध्ये नळी स्थिर राहावी म्हणून मुद्दाम पुढे वजन लावतात. तिथे बंदूक थांबलेली हवी, इथे वाहती हवी. म्हणून दोन्हीकडचं माप वेगळं.

शेवटी २०-२० ग्रॅमने कमी करत १०० ग्रॅमवर ती थांबली. कारागिरांनी तेवढं वजन आतल्या पोकळीत फोम भरून घट्ट बसवलं, हलू नये म्हणून. तीन आठवड्यांनी तिसऱ्या फेरीत १८ आले. पहिल्या फेरीत २०. चमत्कार नाही, पण उतार थांबला. वजन वाढल्याने खांद्याला बसणारा धक्काही थोडा कमी झाला.

तुमच्या घरात कुणी हा खेळ खेळत असेल, तर एवढं लक्षात ठेवा:

• तोल बघण्याआधी बंदूक उघडून रिकामी असल्याची खात्री करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा.
• आधी दस्त्याचं माप, मग वजन.
• एका वेळी २० ग्रॅमच. प्रत्येक बदलानंतर दोन-तीन फेऱ्या खेळा आणि आकडे वहीत लिहा.
• तोल आवडतो पण बंदूक जास्त स्थिर हवी असेल, तर मागे-पुढे दोन्हीकडे थोडं वजन लावतात. तोल तिथेच राहतो, फिरणं संथ होतं.
• नळीच्या आत काहीही घालायचं नाही. दस्ता उघडण्याचं काम कारागिराकडूनच करून घ्या आणि स्पर्धेआधी कोचना दाखवा.
• शिसं हाताळलं तर हात साबणाने धुवा.

सगळा खर्च कर्जाच्या पहिल्या हप्त्याएवढाही झाला नाही. त्या रात्री भाचीने मिरजेला फोन लावला. “बाबा, बंदूक विकायची नाही.” पलीकडे बराच वेळ शांतता. मग ते म्हणाले, “बरं. काडतुसांना पैसे लागतील ते सांग.”

पुढच्या महिन्यात तिची स्पर्धा आहे. मला रेंजवर यायची परवानगी मिळाली आहे, वजनाबद्दल एक शब्दही बोलायचा नाही या अटीवर.