पडलेल्या मालिकेचा पंचनामा

एखादी चांगली लिहिलेली नाट्यकृती पडली, की आपल्या मंडळींत दोन निकाल ठरलेले असतात. पहिला असा, की प्रेक्षकांना अभिरुचीच नाही. दुसरा असा, की काळजीचे कारण नाही, खरे सोने आज ना उद्या ओळखले जाईलच. गणेशोत्सवाच्या मांडवामागे, कोजागरीच्या दुधाभोवती, बदलीच्या गावी जमलेल्या चार मराठी घरांच्या बैठकीत आम्ही हे निकाल इतक्या वेळा ऐकले आहेत, की ते आता वादाचे विषय राहिले नसून नुसते उपचार झाले आहेत. आमचे म्हणणे असे, की हे दोन्ही निकाल खोटे आहेत, आणि ते सोयीचे आहेत म्हणूनच टिकून आहेत. पहिल्याने दोष लोकांच्या माथी जातो, दुसऱ्याने कर्तव्य काळाच्या माथी जाते. निकाल देणारा मात्र दोन्ही वेळा मोकळा सुटतो.

हे दाखवण्यासाठी आम्ही मुद्दामच दूरचे उदाहरण घेतो, म्हणजे कोणाच्या आप्तेष्टांच्या नाटकाला झळ लागणार नाही.

अमेरिकेत एचबीओ या वाहिनीवर 2 जून 2002 पासून 9 मार्च 2008 पर्यंत ‘द वायर’ ही मालिका 5 पर्वांत व 60 भागांत दाखवली गेली. तिचा कर्ता डेव्हिड सायमन हा बाल्टिमोर शहरातील ‘बाल्टिमोर सन’ या वृत्तपत्राचा गुन्हेविषयक वार्ताहर होता. त्याचा सहकारी एड बर्न्स हा त्याच शहराच्या पोलीस खात्यात तपास अधिकारी होता व पुढे सरकारी शाळेत शिक्षक झाला. रिचर्ड प्राइस, जॉर्ज पेलेकॅनोस, डेनिस लेहेन यांसारख्या नाणावलेल्या कादंबरीकारांनी तिचे भाग लिहिले. पहिल्या पर्वात अमली पदार्थांचा गल्लीबोळांतील व्यापार व त्याच्या मागावर असलेले पोलीस, दुसऱ्यात बंदरावरील गोदी-कामगार, तिसऱ्यात नगराचे राजकारण, चौथ्यात शाळा व पाचव्यात वृत्तपत्र, अशा क्रमाने एकाच शहराचा हा पट उलगडत जातो. 2021 साली बीबीसीने जगभरच्या जाणकारांचा कौल घेतला, तेव्हा एकविसाव्या शतकातील सर्वश्रेष्ठ दूरचित्रवाणी मालिका म्हणून पहिला मान हिलाच मिळाला.

आता दुसरी बाजू पाहा. या मालिकेचा अखेरचा भाग प्रथम दाखवला गेला, तेव्हा तो सुमारे 11 लाख लोकांनी पाहिला. त्याच वाहिनीवरील ‘द सोप्रानोज’ या मालिकेचा अखेरचा भाग त्याच्या आदल्या वर्षी सुमारे 1 कोटी 19 लाख लोकांनी पाहिला होता. एमी पुरस्कारांसाठी ‘द वायर’ला साऱ्या कारकिर्दीत अवघी दोन नामांकने मिळाली. दोन्ही लेखनासाठी होती, आणि पुरस्कार एकही मिळाला नाही. तिसऱ्या पर्वानंतर तर ती बंद पडण्याच्याच बेतात होती. नाटकवाल्यांच्या भाषेत सांगायचे, तर मालिका पडली होती.

तेव्हा प्रेक्षक नालायक ठरले काय? घाई करू नये. प्रेक्षकांपुढे काय ठेवले गेले व कसे ठेवले गेले, याचा पंचनामा आधी व्हावा.

2002–03 या हंगामात अमेरिकेत सर्वांत अधिक पाहिली गेलेली मालिका होती ‘सीएसआय’. तीत गुन्हा घडे, प्रयोगशाळेत तपास होई आणि तासाच्या आत आरोपी हाती लागे. ‘द वायर’मध्ये ज्या चोरून ऐकण्याच्या तारेवरून मालिकेला नाव मिळाले, ती तार जोडण्याची परवानगी मिळेपर्यंतच कित्येक भाग निघून जातात. कोण कोणाचा कोण, हे कोणी समजावून देत नाही. पात्रे बाल्टिमोरच्या रस्त्यावरची बोली बोलतात, आणि ती बोली अनेक अमेरिकनांनाही सहज कळत नाही. पात्रांपैकी बहुसंख्य कृष्णवर्णीय. अशी गंभीर नाट्यमालिका त्या देशाच्या दूरचित्रवाणीवर विरळाच. एक भाग चुकला, की पुढच्या आठवड्यात प्रेक्षक परगावच्या लग्नघरी शिरलेल्या पाहुण्यासारखा बावरून बसे. त्यातून तिसरे पर्व डिसेंबर 2004 मध्ये संपले आणि चौथे सप्टेंबर 2006 मध्ये सुरू झाले. पावणेदोन वर्षे कथेचा धागा मनात धरून ठेवणे हे कादंबरीच्या वाचकालाही जड जाईल. आणि चौथे पर्व, जे अनेकांना सर्वांत सरस वाटते, ते ज्या रविवारी रात्री सुरू झाले, त्याच रात्रीपासून दुसऱ्या एका मोठ्या वाहिनीने रविवारच्या फुटबॉल सामन्यांचे प्रक्षेपण आरंभले होते.

हीच मालिका पुढे तबकड्यांवर मिळू लागली. ज्याला हवे तेव्हा, हवे तितके, मागे जाऊन पुन्हा पाहता येऊ लागले. आणि तिचा प्रेक्षक वाढू लागला. 2010 साली हार्वर्ड विद्यापीठात विल्यम ज्यूलियस विल्सन या समाजशास्त्रज्ञाने नागरी विषमतेचा अभ्यासक्रम तिच्या आधारे शिकवला. आता आम्ही विचारतो, चार-दोन वर्षांत अमेरिकन जनतेच्या बुद्धीत अशी कोणती भर पडली? काहीच नाही. लोक तेच होते, पाहण्याची सोय बदलली होती. कादंबरीच्या घडणीची कृती आठवड्याच्या हप्त्याने, ठरल्या घटकेला, मोठ्या खंडाने वाढली गेली, तेव्हा ती पोटी लागली नाही. पुस्तकासारखी हाती आली, तेव्हा लागली. पहिला निकाल येथेच बाद होतो.

परंतु मालिका सर्वस्वी निरपराध होती, असेही आम्ही म्हणणार नाही. तिने प्रेक्षकाला एक गोष्ट बुद्ध्याच नाकारली: खलपुरुष. तिच्यात दुष्ट माणसे आहेत, पण दुष्टपणाचे मूळ माणसांत नसून आस्थापनांत आहे, असे ती पुनःपुन्हा दाखवते. गुन्हे घटल्याचे दिसावे म्हणून पोलीस खाते गंभीर गुन्हा सौम्य सदरात नोंदवते. परीक्षेतील गुण वाढल्याचे दिसावे म्हणून शाळा शिकवणे सोडून परीक्षेची घोकंपट्टी करवून घेते. पोलिसांतून शाळेत आलेला एक शिक्षक हा प्रकार पाहतो आणि ही आपल्या जुन्या खात्याचीच विद्या आहे, हे तत्काळ ओळखतो.

आम्हां कारकुनांना हे समजावून सांगण्यासाठी बाल्टिमोरला नेण्याची गरज नाही. महिनाअखेरीची विवरणपत्रे कशी भरली जातात, प्रलंबित प्रकरणांचा आकडा मार्चमध्ये अकस्मात कसा उतरतो, ‘कार्यवाही पूर्ण’ या दोन शब्दांखाली किती अपूर्ण कामे सुखाने झोपलेली असतात, हे या मासिकाच्या वाचकांहून अधिक कोण जाणतो? आम्ही ही मालिका पाहिली, तेव्हा चोर-पोलिसांकडे आमचे लक्ष फारसे गेले नाही. वरिष्ठांना हवा तो आकडा तयार करून देणाऱ्या त्या मधल्या अधिकाऱ्यांकडे पाहून मात्र आम्ही अस्वस्थ झालो. दिवसभर कचेरीतून दमून आलेल्या माणसाला रात्री घरी तीच कचेरी दाखवणे, आणि तीत त्यालाच आरोपींच्या रांगेत उभे करणे, हा लोकप्रियतेचा मार्ग नव्हे. तथापि हे टाळून ती मालिका लिहिता आली नसती. लेखकाने प्रेक्षक गमावण्याची किंमत जाणूनबुजून मोजली, हे त्याचे दूषण नसून भूषण आहे. प्रश्न इतकाच, की त्याने मोजलेल्या किमतीत आपला वाटा कोणी उचलला?

येथे दुसऱ्या निकालाकडे वळू. ‘खरे सोने ओळखले जातेच.’ कोणते सोने? जे ओळखले गेले, तेच आपल्याला ठाऊक असते. जे मातीत गेले, त्याची मोजदाद कोण करतो? सप्टेंबर 1999 मध्ये एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर पॉल फीग याने निर्मिलेली ‘फ्रीक्स अँड गीक्स’ नावाची एका शाळेतील मुलांची मालिका सुरू झाली. लेखन उत्तम, समीक्षकांचा अभिप्राय अनुकूल. 18 भाग तयार झाले; त्यांपैकी 12 दाखवून 2000 साली वाहिनीने ती बंद केली. तिचीही कीर्ती पुढे झाली खरी, पण दुसरे पर्व कोणी लिहिले नाही आणि ते आता कधीही लिहिले जाणार नाही. काळाने तिला न्याय दिला म्हणणाऱ्यांनी, ती न लिहिली गेलेली पाने काळाकडून परत आणून दाखवावीत.

मग ‘द वायर’ पाच पर्वे कशी जगली? दैवाने नव्हे, गुणानेही नव्हे. गुण तर दोघींतही होता. फरक हिशेबाच्या वहीत होता. एनबीसीचा पैसा जाहिरातदारांकडून येई. तिथे प्रेक्षक हा गिऱ्हाईक नसून विकण्याचा माल होता, आणि माल थोडा म्हणजे दुकान तोट्यात. एचबीओवर जाहिराती नव्हत्या. घरोघरचे लोक दरमहा वर्गणी भरत. अशा वाहिनीला एका मालिकेपुढे एका रात्री किती डोकी होती, याहून वर्गणीदार वर्गणी चालू ठेवतो की नाही, हे महत्त्वाचे. ‘द सोप्रानोज’साठी वर्गणी भरणाऱ्या लाखो कुटुंबांनी, ‘द वायर’चा एक भागही न पाहता, तिचा संसार चालवला. तिचे खरे आश्रयदाते तिचे स्तुतिपाठक नव्हेत. हे निनावी वर्गणीदार होत.

‘वर्गणी’ हा शब्द आला म्हणून वाचकांनी दचकू नये. आम्ही तेथेच येत होतो.

परप्रांतात राहणाऱ्या आम्हां मराठी नोकरदारांएवढा मराठीच्या अधोगतीचा शोक कोणी करत नसेल. मालिका सासू-सुनांच्या पलीकडे जात नाहीत, नाटके इकडे येत नाहीत, नियतकालिके बंद पडत आहेत, ही आमची नित्याची रडकथा. पण आमचा व्यवहार पाहा. मासिकाचा एक अंक येतो आणि वसाहतीतील सात घरे फिरतो. आता तर त्याची पाने भ्रमणध्वनीवर टिपून सत्तर घरी पोहोचवली जातात, आणि पोहोचवणारा स्वतःला साहित्यसेवक समजतो. नाटक आले, तर मानाच्या प्रवेशिकेची चौकशी आधी, तिकिटाची नंतर. ‘फार सुंदर’ म्हणायला आम्ही कधी कमी पडत नाही. परंतु ‘फार सुंदर’ या शब्दांनी कागदाचे बिल भागत नाही, आणि नटाची रोजीही निघत नाही.

या आरोपातून आम्ही स्वतःला वगळत नाही. ज्या ‘द वायर’ची एवढी थोरवी गायली, ती आम्ही बदलीच्या गावी एका सहकाऱ्याकडून संगणकावर उतरवून घेऊन पाहिली. साठही भाग पाहिले, आणि एक पैसाही दिला नाही. ज्या 11 लाखांना आम्ही वर ‘थोडे’ म्हटले, त्यांच्या जिवावर आम्ही फुकट जेवून आलो, आणि वर यजमानाच्या पंगतीला माणसे कमी होती म्हणून हळहळलो.

कोणी म्हणेल, वर्गणी भरणे सर्वांना कोठे परवडते? ज्यांना परवडत नाही, त्यांच्याविषयी आम्ही अवाक्षर काढत नाही; एक अंक दहा विद्यार्थ्यांनी वाचावा, यात आनंदच आहे. आमचा वाद महागाई भत्त्याच्या हप्त्याची तारीख तोंडपाठ असणाऱ्यांशी आहे, म्हणजेच आमच्याशी व आपल्याशी. दुसरा आक्षेप असा, की पैसा दिल्याने उत्तम लेखन निर्माण होते काय? होत नाही. पण निर्माण झालेले उत्तम लेखन दुसऱ्या पर्वापर्यंत जगते की नाही, हे मात्र पुष्कळसे त्याच्यावर ठरते.

तेव्हा यापुढे एखादी चांगली मालिका, नाटक वा मासिक बंद पडल्याची वार्ता आली, तर ‘लोकांना कळत नाही’ असे म्हणण्यापूर्वी आपण आपल्या खर्चाच्या वहीत पाहावे. तिथे त्या कृतीच्या नावापुढे काही रक्कम लिहिलेली असेल, तर अवश्य शोक करावा. तो आपला हक्क आहे. जागा कोरी असेल, तर निदान इतरांना दोष देऊ नये. आम्ही या मासिकाची थकलेली दोन वर्षांची वर्गणी हा लेख पाठवण्यापूर्वी भरली. लेख नापसंत झाला, तरी ती परत मागणार नाही.