परदेशातले पहिले वर्ष आणि लपवलेला पत्ता

आपल्या वस्त्यांमधून परदेशी जाणाऱ्या मुलामुलींचा सत्कार हा सोलापुरात आता नवा प्रकार राहिलेला नाही. चौकात डिजिटल फलक लागतो. विहारात त्रिशरण पंचशील होते, चार भाषणे होतात आणि निघताना हातात बाबासाहेबांची प्रतिमा दिली जाते. विमान सुटले की चळवळीचा त्या कुटुंबाशी असलेला संबंध संपतो. तो पुन्हा जोडला जातो थेट १४ एप्रिलच्या वर्गणीच्या वेळी. आम्ही आज लिहितो आहोत ते या दोहोंमधल्या काळाविषयी, म्हणजे परदेशातल्या पहिल्या वर्षाविषयी. या वर्षात त्या कुटुंबाचे काय होते, हे आपण कधी विचारलेच नाही.

पहिल्या वर्षाचा विषय निघाला की १९१३ साल आठवणारच. त्या वर्षी २ फेब्रुवारीला सुभेदार रामजी गेले. ४ जूनला बडोदा संस्थानाशी करार झाला. दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी, असा तो करार होता. जुलैमध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले तेव्हा यशवंत जेमतेम सात महिन्यांचा होता. त्या वर्षाचे दोन भाग होते हे आपण विसरतो. एक भाग कोलंबिया विद्यापीठात होता, दुसरा मुंबईत परळच्या चाळीत रमाई काढत होत्या. पहिल्या भागावर आपण ग्रंथ लिहिले, दुसऱ्यावर फक्त गाणी.

पण आमचा मुद्दा वेगळा आहे. १९१३ च्या न्यूयॉर्कमध्ये त्या तरुण विद्यार्थ्याला जात विचारायला फारसे कोणी नव्हतेच. खोलीतले सोबती नवल भथेना, ते पारशी. वर्गात अमेरिकन मुले. जेवणाच्या टेबलावर शिवाशिव नाही. आयुष्यात पहिल्यांदा बरोबरीने वागवले जाणे म्हणजे काय, हे बाबासाहेबांनी तेथे अनुभवले. आज न्यू जर्सीला किंवा लंडनच्या उपनगरात उतरणाऱ्या आपल्या कुटुंबाच्या वाट्याला ती मोकळीक येत नाही. कारण आपल्या आधी तेथे आपले देशबांधव पोहोचले आहेत. ९ मे १९१६ रोजी कोलंबियात वाचलेल्या जातिसंस्थेवरील निबंधात बाबासाहेबांनी डॉ. केतकरांचा इशारा नोंदवला होता. हिंदू माणूस जगभर पसरला तर जात हा जगाचा प्रश्न होईल, असा त्याचा आशय होता. तो इशारा आता नोकरीच्या ठिकाणी, मुलांच्या वाढदिवसाला आणि शनिवारच्या जेवणावळीत खरा होतो आहे.

आमच्या परिचयातले एक कुटुंब आहे. नाव देत नाही. आजोबा गिरणीत बदली कामगार, वडील सरकारी नोकरीत, मुलगा पुण्यात संगणक कंपनीत आणि तेथून कंपनीमार्फत अमेरिकेत. सोलापूरच्या शेकडो घरांचा हाच मार्ग आहे, फक्त शेवटची पायरी नवी आहे. पुण्यात भाड्याने घर शोधताना आडनाव ऐकून फोन ठेवणारे घरमालक या जोडप्याने पाहिले होते. अमेरिकेत हा त्रास संपेल असे त्यांना वाटले. घर खरेच एका दिवसात मिळाले. गोऱ्या घरमालकाला फक्त पगाराचा दाखला आणि बँकेचे कागद हवे होते.

प्रश्न विचारले ते शेजारच्या मराठी मंडळींनी, तेही अत्यंत प्रेमाने. यांचे आडनाव मराठ्यांतही असते आणि आपल्यातही. त्यामुळे नुसत्या आडनावावरून विचारणाऱ्याचे समाधान होत नाही. मग "तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा असतो?" असे येते. "कुलदैवत कोणतं?" असे येते. आणि गावचा माणूस भेटला तर सर्वांत धारदार प्रश्न येतो, "सोलापुरात कुठे?" सोलापूरकराला हे समजावून सांगायला नको. आपल्या शहरात पत्ता म्हणजेच जात. बुधवार पेठ, मिलिंद नगर म्हटले की पुढचे काही विचारावे लागत नाही. आमच्या या मित्राने उत्तर दिले, "सात रस्त्याला."

गाडीत बसल्यावर आठ वर्षांच्या मुलीने विचारले, "पप्पा, आजीचं घर तर बुधवार पेठेत आहे ना?"

त्या मुलीला दिलेले उत्तर त्यांनी आम्हाला सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. पण दिवाणखान्यात लावायचे ठरवून सोलापुरातून नेलेली बाबासाहेबांची प्रतिमा त्या वर्षभर झोपायच्या खोलीत राहिली, हे त्यांच्या पत्नीने सांगितले.

येथे चळवळीतले काही मित्र लगेच म्हणतील की बघा, शिकले आणि समाजाला विसरले. १८ मार्च १९५६ च्या आग्र्याच्या भाषणाचा दाखला देतील. शिकलेल्या लोकांनी आपल्याला दगा दिला, ही बाबासाहेबांची व्यथा खरी आहे आणि ती आपल्यापैकी प्रत्येकाला लागू आहे, आम्हा वकिलांना तर अधिकच. पण ज्या माणसाचा व्हिसा कंपनीच्या हाती आहे आणि ज्याच्या नोकरीचा अहवाल लिहिणारा साहेब कदाचित याच प्रश्नकर्त्यांपैकी एक आहे, त्याला पहिल्या वर्षात आग्र्याचे भाषण ऐकवणे म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्याचे नियम सांगणे होय. नोकरी गेली तर त्याला साधारण ६० दिवसांत दुसरी शोधावी लागते, नाहीतर बायकामुलांसह देश सोडावा लागतो. त्याची भीती कल्पनेतली नाही.

कॅलिफोर्नियात सिस्को कंपनीविरुद्ध जून २०२० मध्ये दाखल झालेला दावा याच भीतीचा होता. एका दलित अभियंत्याच्या वतीने राज्य सरकारनेच तो दाखल केला. त्याच्याबरोबर आयआयटीत असलेल्या एका वरिष्ठाने, हा राखीव जागेतून आलेला आहे, असे सहकाऱ्यांना सांगितले आणि तक्रार केल्यावर त्याला बाजूला टाकले, असा आरोप होता. कंपनीने आरोप नाकारले. एप्रिल २०२३ मध्ये दोघा अधिकाऱ्यांवरचे व्यक्तिगत दावे राज्याने मागे घेतले. निकाल काय असायचा तो असो. पण जात सात समुद्र ओलांडून संगणकाच्या टेबलापर्यंत येते, ही तक्रार तेथल्या न्यायालयापुढे पहिल्यांदाच एवढ्या स्पष्टपणे आली.

कायदा किती साथ देतो? अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात वंश, वर्ण, धर्म, लिंग आणि राष्ट्रीय मूळ हे शब्द आहेत, जात हा शब्द नाही. सिएटल शहराने २१ फेब्रुवारी २०२३ रोजी तो शब्द आपल्या नियमांत घातला, असे करणारे ते अमेरिकेतले पहिले शहर. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने जातिभेदाविरुद्धचे विधेयक मंजूर केले आणि राज्यपाल न्यूसम यांनी ऑक्टोबरमध्ये त्यावर नकाराधिकार वापरला. आहे तो कायदा पुरेसा आहे, असे त्यांचे म्हणणे. त्या विधेयकाविरुद्ध सर्वांत मोठा आवाज कोणाचा होता? आपल्याच देशातून गेलेल्या काही हिंदू संघटनांचा. जात आता उरलेलीच नाही, असे तेथे सांगणारे आणि गणपती किती दिवसांचा, हे विचारणारे अनेकदा एकाच पंगतीत बसलेले असतात.

ब्रिटनची गोष्ट आणखी बोलकी आहे. २०१० च्या समता कायद्यात जातीचा समावेश करण्याची तरतूद झाली, २०१३ मध्ये संसदेने ते सरकारवर बंधनकारक केले आणि २०१८ मध्ये सरकारने ते करणार नाही असे जाहीर केले. मधल्या काळात परमिला तिर्की या आदिवासी भगिनीने घरकामासाठी नेऊन राबवणाऱ्या मालकांना न्यायाधिकरणात खेचले. ताशी ११ पेन्सच्या आसपास मजुरी आणि झोपायला जमिनीवर गादी, अशी तिची अवस्था होती. २०१४ मध्ये अपिलात असे ठरले की जात ही वांशिक मुळाचा भाग असू शकते. २०१५ मध्ये तिला थकीत मजुरीपोटी १,८३,७७३ पौंड मंजूर झाले. कायद्यात जात हा शब्द नसताना एक घरकामगार बाई जे करू शकली, त्याची माहिती आपल्या उच्चशिक्षित मुलांना नसावी, हे आम्हाला खटकते.

सरकारची तऱ्हा तर अशी की ते स्वतःच गप्प राहायला शिकवते. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती २००३ पासून आहे. केंद्राची त्याहून जुनी. पण केंद्राने फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्या शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतासंबंधी सामाजिक अभ्यासाचे विषयच वगळले. म्हणजे तो नियम १९१३ मध्ये असता, तर जातिसंस्थेचा अभ्यास करायला निघालेल्या भीमरावांना घरीच बसावे लागले असते. बडोद्याच्या राजाला जे समजले ते दिल्लीच्या मंत्रालयाला समजू नये!

आता घरातल्या बाईविषयी. वर सांगितलेल्या ताई सोलापुरात शिक्षिका होत्या. स्वतःचा पगार होता, स्कूटर होती. अमेरिकेत एच-४ व्हिसावर गेलेल्या पत्नीला नोकरी करता येत नाही. नवऱ्याचा ग्रीन कार्डचा अर्ज ठराविक टप्प्याला पोहोचला, तर २०१५ पासून परवाना मिळू शकतो, पण पहिल्या वर्षात ते जवळपास अशक्यच. इंग्लंडला कर्ज काढून एक वर्षाच्या मास्टर्सला जाणाऱ्याला तर जानेवारी २०२४ पासून पत्नी-मुले नेताच येत नाहीत. म्हणजे एकीकडे कमावती बाई घरात बसवली जाते, दुसरीकडे ती मागे ठेवली जाते. बँकेचे खाते नवऱ्याच्या नावे, गाडीचा परवाना नाही, बाहेर हिमवर्षाव आणि बोलायला माणूस म्हणावा तर त्याच प्रश्न विचारणाऱ्या मैत्रिणी. त्या ताई म्हणाल्या, "भाऊ, सहा महिने मी कुणाशीही खरं बोलले नाही. मुलीशीसुद्धा." आमच्या मते त्या घराचे सर्वांत मोठे नुकसान हेच झाले. शेजाऱ्याला पत्ता सांगितला नाही, हे नंतर केव्हाही भरून काढता येते. पण मुलीच्या मनात, आपल्यात काहीतरी लपवण्यासारखे आहे, एवढे बसले की पुढे तिला कोणतेही विद्यापीठ ते काढून देत नाही. म्हणून शेजाऱ्याला केव्हा सांगायचे ते कुटुंबाने आपल्या सोयीने ठरवावे, पण मुलांना पहिल्या महिन्यातच सगळे सांगावे. आपण कोण, आजोबा कोण, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात काय झाले, आणि पप्पांनी त्या दिवशी सात रस्ता का सांगितले, हेही.

वकील म्हणून चार व्यवहाराच्या गोष्टी सांगणे आम्हाला भाग आहे, कारण सत्काराच्या भाषणात त्या कोणी सांगत नाही. विहारात लग्न झाले असेल तर विवाह निबंधकाकडे नोंदणी करून दाखला घ्यावा, व्हिसाला विहाराची पावती चालत नाही. पत्नीची शिक्षणाची प्रमाणपत्रे अपोस्टिल करून तिच्याच ताब्यात असावीत. जाण्याआधी आडनाव बदलण्याचा मोह टाळावा. राजपत्रात नाव बदलणे सोपे आहे, पण पुढे जात पडताळणीत १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचे आणि जातीचे पुरावे जुळवताना पोरांच्या नाकी नऊ येतात. मुलांचे जातीचे दाखले निघण्यापूर्वी काढावेत, परदेशातून तहसीलच्या खिडकीत उभे राहता येत नाही. आणि तेथे मूल जन्मले व त्याचे भारतीय नागरिकत्व हवे असेल, तर नागरिकत्व कायद्याच्या कलम ४ प्रमाणे एक वर्षाच्या आत वकिलातीत जन्माची नोंद करावी लागते. मुदत गेली की केंद्र सरकारची परवानगी मागत बसावे लागते. गडबडीच्या पहिल्या वर्षात नेमके हेच राहून जाते.

राहिला चळवळीचा भाग. अमेरिकेत आपल्या संघटना आहेत, मेरीलँडमध्ये १४ ऑक्टोबर २०२३ ला बाबासाहेबांचा १९ फुटी पुतळाही उभा राहिला. इंग्लंडमध्ये पंजाबातून गेलेल्या आपल्या बांधवांनी अनेक वर्षांपूर्वी विहार उभे केले आहेत. पण त्या ताईंना त्यातले काहीच माहीत नव्हते. वर्ष संपत आले तेव्हा एका किराणा दुकानात, समोरच्या बाईच्या फोनची जयभीमची रिंगटोन वाजली म्हणून ओळख झाली. हे योगायोगावर सोडण्याचे काम नाही. जो विहार सत्कार करतो त्याने जाणाऱ्याच्या हातात प्रतिमेबरोबर तेथल्या दोन जयभीमवाल्या घरांचे फोन नंबर द्यावेत. आणि पहिल्या वर्षात वर्गणी मागू नये.

सोलापुरातल्या एका विहाराने एवढे तरी सुरू केले आहे. रविवारी सायंकाळी साडेसहाच्या वंदनेला मोबाइलवर बाहेरगावच्या घरांना जोडून घेतात. ती मुलगी तिकडून पंचशील म्हणते, आजी इकडून ऐकते आणि पाली उच्चार चुकला की मोठ्याने सांगते. तेव्हा न्यू जर्सीत सकाळचे नऊ वाजलेले असतात. हिवाळ्यात आठ वाजतात, तेवढे लक्षात ठेवावे लागते.