शाळेला कळायलाच हवे का?

शाळाप्रवेशाचे दिवस आले की जळगाव आणि धुळ्यात दाखले, रहिवासाचे पुरावे आणि प्रमाणपत्रे यांची जुळवाजुळव सुरू होते. शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागांसाठी महाराष्ट्रात एचआयव्हीबाधित आणि एचआयव्हीप्रभावित बालकांचाही वंचित घटकांत समावेश आहे. बाधित म्हणजे ज्याला स्वतःला लागण आहे ते मूल. प्रभावित म्हणजे ज्याच्या आईला किंवा वडिलांना लागण आहे ते. असे मूल स्वतः पूर्ण निरोगीही असू शकते.

सवलत योग्यच आहे. मात्र ती मिळवण्यासाठी शासकीय वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. हा कागद पडताळणी समितीपासून शाळेच्या कार्यालयापर्यंत किती हातांतून जाईल, याची पालकांना धास्ती असते. ओळखीचे माणूस कुठल्या ना कुठल्या टेबलावर निघतेच. मग हक्क असूनही एखादी आई तो रकाना कोराच सोडते.

ही भीती निराधार नाही. लातूर जिल्ह्यातील हासेगावात २००९ मध्ये ‘सेवालय’ या संस्थेतील एचआयव्हीबाधित मुले गावच्या शाळेत जाऊ लागताच पालकांनी आपली मुले शाळेत पाठवणे थांबवले होते. २०१४ मध्ये गोव्यातील रिवण येथे पालकांच्या विरोधामुळे १३ मुलांच्या प्रवेशाचा प्रश्न उभा राहिला. दोन्ही ठिकाणी मुले संस्थेत राहणारी असल्याने त्यांचा आजार लपणे शक्यच नव्हते. खान्देशात अनेक मुले घरीच, आईजवळ किंवा आजी-आजोबांकडे वाढतात. त्यांची ओळख झाकलेली राहू शकते. ती उघडी पडते ती कागदावरून आणि कुजबुजीतून.

धोका कोणाला?

एका बाकावर बसल्याने, डबा वाटून खाल्ल्याने, एकच स्वच्छतागृह वापरल्याने किंवा डास चावल्याने एचआयव्ही पसरत नाही. नियमित एआरटी घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण तपासणीत सापडणार नाही इतके कमी होऊ शकते. खेळताना गुडघा फुटला तर हातमोजे घालून जखम धुवावी, पट्टी बांधावी आणि सांडलेले रक्त ब्लीचिंगच्या द्रावणाने पुसावे. हा नियम प्रत्येक मुलासाठी आहे. रक्तातून कावीळ ब आणि कही पसरते आणि ती कोणाला आहे हे चेहऱ्यावरून कळत नाही. सर्वांसाठी एकच काळजी घेतली, तर अमुक मुलाला एचआयव्ही आहे हे शाळेला कळण्याची वैद्यकीय गरज उरत नाही.

खरा धोका त्या मुलालाच असतो. लहान मुलांना त्यांचा आजार वयानुसार, टप्प्याटप्प्याने सांगायचा असतो. पालक आणि एआरटी केंद्राचे समुपदेशक मिळून हे करतात. सातवीतल्या मुलाला तो वर्गमित्राच्या टोमण्यातून कळला, तर पहिला राग निघतो गोळ्यांवर. गोळ्या चुकू लागल्या की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. गुप्तता हा इथे उपचाराचाच भाग आहे.

कायदा काय सांगतो?

एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्हीच्या कारणावरून शिक्षणसंस्थेत प्रवेश नाकारणे, काढून टाकणे किंवा वेगळी वागणूक देणे त्याने बेकायदा ठरवले आहे. कोणालाही आपली स्थिती उघड करण्यास भाग पाडता येत नाही. विश्वासाने मिळालेली माहिती पुढे सांगायची, तर लेखी संमती लागते. मूल अल्पवयीन असेल तर पालकांची. अशी नोंद ठेवणाऱ्या संस्थेने ती सुरक्षित ठेवणेही बंधनकारक आहे. तक्रारीसाठी राज्य पातळीवर लोकपालाची तरतूद असून त्याने ३० दिवसांत आदेश द्यायचा असतो.

आईवडील दोघेही नसलेल्या घरांचाही या कायद्याने विचार केला आहे. घर सांभाळण्याइतकी समज असलेले १२ ते १८ वर्षांचे भावंड धाकट्या भावंडाच्या शाळाप्रवेशासाठी पालक म्हणून उभे राहू शकते.

करण्याजोगे

कायदा पुरेसा आहे. कमी पडते ती कार्यालयातील शिस्त. प्रमाणपत्राची पडताळणी एकाच जबाबदार अधिकाऱ्याने करावी आणि शाळेकडे फक्त ‘वंचित घटक, पात्र’ एवढीच नोंद जावी. निवड यादीत, सूचनाफलकावर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर उपवर्ग लिहू नये. औषधे आणण्यासाठी एआरटी केंद्रात जावे लागते, त्या दिवसाच्या रजेसाठी ‘रुग्णालयात तपासणी’ एवढे कारण पुरेसे मानावे. पालकांनी विश्वासाने मुख्याध्यापकांना सांगितलेच, तर ती गोष्ट शिक्षकांच्या खोलीत पोहोचू नये.

पालकांनीही प्रमाणपत्राच्या जादा झेरॉक्स प्रती वाटू नयेत. कोणाकडे आणि कशासाठी दिली, हे लिहून ठेवावे. अडचण आल्यास एआरटी केंद्राच्या समुपदेशकांशी किंवा जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथकाशी बोलावे. प्रवेश नाकारला गेला, तर नकार लेखी मागावा. तोंडी नकार देणे सोपे असते, सहीनिशी देताना हात थांबतो.